एका तासाचे पाहुणे

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये झालेले भाषण. वक्त्या आपल्या बी विंगमधील रहिवासी असून महापालिका रुग्णालयातून परिचारिका म्हणून निवृत्त झाल्या आहेत. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. – स्मरणिका समिती)

अध्यक्ष, सेक्रेटरी, कमिटीचे सगळे सभासद, माझ्या महिला मंडळाच्या मैत्रिणी, आणि मागच्या रांगेत ‘गोरिलाचे फोटो कधी दाखवणार’ म्हणून केव्हाची चुळबुळ करणारी बच्चेकंपनी.

मला भाषणाची सवय नाही. बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, तिथे बोलायचं म्हणजे ‘व्हिजिटिंग अवर संपला, चला’ एवढंच. पण कमिटीने सांगितलं की सिस्टर, तुम्ही दोघं युगांडाला जाऊन आलात, गोरिला बघून आलात, तर पंचवीस वर्षांच्या निमित्ताने त्यावर बोला. मी म्हटलं, रौप्यमहोत्सवाचा आणि गोरिलाचा काय संबंध? मग माझ्याच लक्षात आलं, संबंध आहे. गोरिलाचा नर साधारण बारा वर्षांचा झाला की त्याच्या पाठीवरचे केस रुपेरी व्हायला लागतात. त्याला सिल्व्हरबॅक म्हणतात. तो कुटुंबाचा कर्ता. कुठे खायचं, कुठे झोपायचं, धोका आला तर पुढे कोणी उभं राहायचं, सगळं त्याच्यावर. म्हणजे आपल्या चेअरमनसारखंच, फक्त त्याला एजीएममध्ये कोणी प्रश्न विचारत नाही.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गोरिला मी पाहिला. आमच्या ह्यांनी पाहिला नाही. दोघं बरोबर गेलो, दोघांची परमिटं होती, दोघांचे पैसे भरलेले होते. तरी हे पाहू शकले नाहीत. का, ते पुढे सांगते, कारण माझ्या मते आमच्या सहलीतली सांगण्यासारखी गोष्ट तीच आहे.

आधी थोडी माहिती. गोरिला आपल्या देशात रानात नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात आहेत, 2021 साली जर्मनीहून दोन नर आणले. पण ते सखल भागातल्या जंगलातले गोरिला. आम्ही जे पाहायला गेलो ते डोंगरातले, माउंटन गोरिला. हे जगातल्या कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाहीत. पाहायचे तर त्यांच्या घरी जाऊनच. आणि त्यांची घरं जगात दोनच ठिकाणी आहेत. एक विरुंगा नावाची ज्वालामुखींची रांग, ती युगांडा, रवांडा आणि काँगो या तीन देशांच्या सीमेवर आहे. दुसरं युगांडातलं ब्विंडीचं जंगल. ब्विंडी सुमारे 320 चौरस किलोमीटर आहे. आपलं बोरिवलीचं नॅशनल पार्क साधारण 104. म्हणजे आपल्या पार्काच्या तिप्पट जागा, आणि त्यात जगातले जवळजवळ निम्मे माउंटन गोरिला.

किती आहेत एकूण? शेवटच्या प्रसिद्ध मोजणीप्रमाणे 1,063. विरुंगात 604, ब्विंडीच्या बाजूला 459. आपल्या या एका रस्त्यावरच्या सोसायट्यांमध्ये त्याहून जास्त माणसं राहतात! पण हा आकडा ऐकून वाईट वाटून घेऊ नका, कारण ही चांगली बातमी आहे. 1981 साली विरुंगात मोजले तेव्हा फक्त 254 भरले होते. शिकार, जंगलतोड, युद्ध. डियान फॉसी नावाच्या अमेरिकन बाई 1967 पासून रवांडात त्या डोंगरात राहून गोरिलांचा अभ्यास करत होत्या. त्यांचा आवडता गोरिला शिकाऱ्यांनी मारला आणि 1985 च्या डिसेंबरमध्ये त्यांचाही त्यांच्या झोपडीत खून झाला. तेव्हा पुष्कळांना वाटत होतं की हा प्राणी विसावं शतक ओलांडणार नाही. त्याने ओलांडलं. 2018 साली त्याची धोक्याची पातळी एका पायरीने खाली आणली गेली. मोठ्या वानरांमध्ये संख्या वाढत असलेला असा हाच.

हे कसं झालं? पहारा, डॉक्टर आणि आपल्यासारखे पाहुणे, तिन्हींमुळे. पाहुण्यांच्या पैशावर पहारेकरी आणि डॉक्टर ठेवता येतात. पण पाहुणाच रोगही घेऊन येतो. म्हणून या सहलीचे नियम इतके कडक.

आता ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी तयारीचं सांगते. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट परमिट. विमानाचं तिकीट नंतर, हॉटेल नंतर, आधी परमिट. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून एकदाच, एका तासासाठी, फक्त आठ पाहुण्यांना भेटता येतं. त्यामुळे परमिटं मोजकीच असतात. कोरड्या हंगामाची, म्हणजे जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारीची, काही महिने आधी संपतात. युगांडात परदेशी माणसाला एक परमिट 800 डॉलरला पडतं, रवांडात 1,500 डॉलरला. आम्ही युगांडा निवडलं ते यामुळेच. 800 डॉलर म्हणजे साधारण 70 हजार रुपये. एका माणसाचे. एका तासाचे. मी हा आकडा महिला मंडळात सांगितला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, अगं, त्यात माझा दोन वर्षांचा मेंटेनन्स भरून होईल. खरंच होईल. आम्ही त्यासाठी तीन वर्षं एक रिकरिंग वेगळं चालवलं, आणि सोफा बदलायचा होता तो बदलला नाही. तुम्ही घरी आलात की तोच जुना सोफा दिसतो, त्याचं कारण आता कळलं असेल.

दुसरी गोष्ट लस. युगांडाला जायला यलो फिव्हरची, पिवळ्या तापाची लस लागते. ती शासनमान्य केंद्रातच मिळते, पिवळं कार्ड देतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते कार्ड लागू होतं आणि मग आयुष्यभर चालतं. हे कार्ड नसेल तर नुसतं तिकडे जातानाच अडचण येते असं नाही. परत येताना आपल्या विमानतळावर तुम्हाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. आणि इथे नर्स म्हणून सांगते, साठीच्या पुढच्यांनी ही लस सरळ जाऊन टोचून घेऊ नये. ती जिवंत विषाणूची लस आहे, वय झालेल्यांना तिचा गंभीर त्रास होण्याची शक्यता थोडी जास्त असते. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. मी एकसष्टची, हे सहासष्टचे. आम्ही दोघांनी आधी फिजिशियनना सगळे रिपोर्ट दाखवले, मगच घेतली. मलेरियाच्या गोळ्याही त्यांनाच विचारून.

तिसरं, व्हिसा ऑनलाइन निघतो. फक्त युगांडाचा 50 डॉलरचा, किंवा केनिया, रवांडा, युगांडा तिन्हींचा मिळून 100 डॉलरचा. डॉलर नेताना नोटा नव्या न्या. 2009 च्या आधीच्या, मळलेल्या, फाटक्या नोटा तिकडे घेत नाहीत. विमानाचं म्हणाल तर 2023 पासून युगांडा एअरलाइन्सने मुंबईहून एंटेबीला थेट विमान सुरू केलं. तुम्ही जाल तेव्हाचं वेळापत्रक बघून घ्या. घड्याळ अडीच तास मागे करायचं. एंटेबीहून ब्विंडी मात्र गाडीने आठ-दहा तास. वाटेत विषुववृत्त लागतं, सगळे तिथे एक पाय उत्तरेला आणि एक दक्षिणेला ठेवून फोटो काढतात, आम्हीही काढला. आणि रस्त्याच्या कडेला टपरीवर चपाती मिळते. चपातीच म्हणतात तिला! शंभर वर्षांपूर्वी रेल्वे बांधायला आणि व्यापाराला गेलेल्या आपल्या लोकांबरोबर ती गेली आणि तिथलीच झाली. ह्यांनी तिसऱ्या दिवशी चपाती आणि केळ्याची उसळ खाताना म्हटलं, आता जेवलो.

चौथं, पाय. ब्विंडी समुद्रसपाटीपासून 1,160 ते 2,600 मीटर उंच आहे. कळसूबाई 1,646 मीटर. म्हणजे जंगलाचा बराचसा भाग कळसूबाईच्याही वर. पायवाट अशी नसतेच, गोरिला जिथे असतील तिथे झाडी तोडत जायचं. कधी तासाभरात सापडतात, कधी पाच-सहा तास लागतात. आम्ही सहा महिने लिफ्ट बंद ठेवली. म्हणजे आमच्यापुरती. वॉचमनला वाटलं मेंटेनन्स थकला म्हणून आमची लिफ्ट बंद केली की काय! रविवारी बोरिवलीच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत चालत जायचो आणि लेण्यांच्या पायऱ्या चढायचो. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांच्यासाठी तिकडे डोली असते, गिरनारला असते तशी. तिचे पैसे वेगळे. आणि पोर्टर जरूर घ्या. सामान हलकं असलं तरी घ्या. हात धरून चिखलातून ओढून काढायला माणूस लागतो, आणि त्या गावातल्या पोराला दिवसाची मजुरी मिळते. काल-परवापर्यंत त्याच गावांतून रानात फासे लागायचे. आता गोरिला जिवंत असण्यात गावाचा फायदा आहे.

कपडे पूर्ण बाह्यांचे, पँट मोज्यात खोचलेली, कारण खाजकुइलीसारखी झाडं आणि मुंग्या दोन्ही आहेत. बागकामाचे हातमोजे, रेनकोट, दोन लिटर पाणी, डबा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही. बच्चेकंपनी, तोंडं पाडू नका, तुमच्यासाठी शेवटी सांगते.

आता मूळ गोष्ट.

जुलै महिना. ट्रेकच्या आदल्या संध्याकाळी आम्ही ब्विंडीच्या रुशागा भागातल्या लॉजवर पोहोचलो. थंडी, धुकं, आणि ह्यांना शिंका. विमानातल्या एसीने म्हणा, गाडीतल्या धुळीने म्हणा, रात्री नाक वाहायला लागलं, घसा धरला. ताप नव्हता. आमच्या गटातले एक गृहस्थ जेवताना म्हणाले, ‘काका, काळजी करू नका. एक गोळी घ्या, सकाळी फ्रेश व्हाल. मास्क तर घालायचाच आहे. कोणाला कळणार आहे?’

बरोबर होतं त्यांचं. कोणालाही कळलं नसतं.

खोलीत आल्यावर आम्ही दोघं गप्प. तीन वर्षांचं रिकरिंग. 70 हजार. एकदाच येणं होणार होतं, पुन्हा या वयात कोण येतं? हे म्हणाले, ‘साधी सर्दी आहे गं.’ आणि मी जे बोलले ते बोलायला मला फार जड गेलं. मी म्हटलं, ‘आपल्याला साधी आहे.’

तुम्हाला माहीत आहे, मी बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात होते. तिथे आजोबा-आजी नातवाला बघायला लांबून, विरार-पालघरहून यायचे, आणि मी दारात विचारायची, सर्दी-खोकला आहे का? असेल तर आत सोडायची नाही. किती म्हाताऱ्या माणसांचे शिव्याशाप घेतलेत त्यासाठी! पण आत ज्या मुलाची ताकद गेलेली असते त्याला बाहेरची साधी सर्दी न्यूमोनिया होऊन बसते. गोरिलाचं तसंच आहे. आपली आणि त्यांची जनुकं अठ्ठ्याण्णव टक्के सारखी. आपले आजार त्यांना लागतात, पण आपल्यासारखी सवय आणि औषधं त्यांना नाहीत. श्वासाचे आजार हे त्यांच्या मरणाचं एक मोठं कारण आहे.

हे नुसतं पुस्तकातलं नाही. ब्विंडीतच 1996 साली एका गोरिला कुटुंबाला खरूज झाली. केस गळले, कातडी सोलवटली, एक पिल्लू गेलं. डॉ. ग्लॅडिस कालेमा-झिकुसोका ही तेव्हा अगदी तरुण पशुवैद्य, युगांडाच्या वन्यजीव खात्याची पहिली. तिने उपचार करून बाकीचे वाचवले आणि मग शोधत गेली की खरूज आली कुठून. गोरिला शेतात केळी खायला उतरायचे. शेतात बुजगावणी होती. बुजगावण्यांना गावकऱ्यांचे जुने कपडे घातलेले होते. गावात खरूज होती, पाणी कमी, दवाखाना लांब. बहुधा तिथूनच ती आली. त्या बाईने काय केलं? गोरिलाला वाचवायचं तर आधी गावातल्या माणसाला बरं करायला हवं, हे तिने ओळखलं. 2003 साली तिने त्यासाठी संस्था काढली. ती गावात घरोघरी जाऊन क्षयरोग, खरूज, कुटुंबनियोजन, स्वच्छता हे सगळं बघते. मी हे वाचलं तेव्हा मला वाटलं, अरे, ही तर आमच्याच आरोग्य केंद्राची बाई.

तर रात्री मी ह्यांना ही बुजगावण्याची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत. कूस बदलून झोपले.

सकाळी साडेसातला सगळ्यांना एकत्र बसवून रेंजर माहिती देतो. गोरिलापासून दहा मीटर अंतर ठेवायचं. त्यांच्याजवळ खायचं नाही, थुंकायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. मास्क सगळ्यांनी लावायचा. सिल्व्हरबॅक अंगावर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं, नजर वळवायची. आणि मग तो विचारतो, ‘कोणाला सर्दी, खोकला, ताप, जुलाब?’

माझी छाती धडधडत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर मी सांगितलं म्हणून त्यांनी केलं असं झालं असतं. आणि बाजूला हात वर झालेला मला दिसला.

रेंजरने त्यांना ‘थँक यू, सर’ म्हटलं, उभं राहून म्हटलं. परमिटच्या पैशांचं काय होतं ते मी आज सांगत नाही. आजाराने माघार घेतली तर किती परत मिळतात याचे नियम बदलत असतात, ते परमिट काढतानाच लेखी विचारून घ्या. पण खरं सांगते, त्या क्षणी पैसे डोक्यात नव्हते. हे म्हणाले, ‘तू जा. नीट बघ. आल्यावर सगळं सांग. काही सोडू नकोस.’ मला जावंसं वाटत नव्हतं. गेले.

अडीच तास चाललो. पुढे पहाटेच गेलेले ट्रॅकर असतात. गोरिला रोज रात्री फांद्या-पानांचं नवं अंथरूण करतात, आदल्या रात्रीच्या अंथरुणापासून ट्रॅकर माग काढतात. वॉकीटॉकीवर निरोप आला, पोर्टरनी सामान तिथेच ठेवलं, आम्ही मास्क लावले. आणि झाडी बाजूला केली तर समोर ती आई बसली होती. मांडीवर पिल्लू. पाला तोडत होती, सावकाश, निवडून, आपण मेथी निवडतो तशी. पिल्लू तिच्या हातातली काडी ओढत होतं, तिने दोनदा काढून घेतली, तिसऱ्यांदा देऊन टाकली.

मी वॉर्डात हजारो आया बघितल्या आहेत. मला यापेक्षा जास्त काही सांगता येणार नाही.

सिल्व्हरबॅक थोडा वर बसला होता. खरंच रुपेरी पाठ, कपाटाएवढी. रेंजर घशातून ‘हं-हं’ असा आवाज काढत होता, म्हणजे आम्ही मित्र आहोत, काही नाही. त्यानेही एकदा तसाच आवाज काढला. आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खायला लागला. आम्ही त्याच्या लेखी कोणीच नव्हतो. अशी ओळख व्हायलाही दोन-तीन वर्षं लागतात, माणसं रोज जाऊन नुसती बसतात तेव्हा कुटुंब माणसाला बिचकेनासं होतं. मनगटातलं घड्याळ बघून रेंजर म्हणाला, ‘वेळ संपली.’ व्हिजिटिंग अवर! माझं मलाच हसू आलं. मी निमूटपणे वळले.

खाली आले तेव्हा हे लॉजच्या व्हरांड्यात शाल घेऊन बसले होते. मी दीड तास सांगत होते. काडीचं तीनदा सांगायला लावलं. आणि मग म्हणाले, ‘म्हणजे पिल्लू ठणठणीत होतं?’ मी म्हटलं, ‘हो.’ म्हणाले, ‘झालं तर मग.’

ते पुढच्याच रांगेत बसलेत. त्यांना टाळ्या आवडत नाहीत, तरी वाजवा.

आता बच्चेकंपनीला दिलेला शब्द. तुम्हाला युगांडाला जायला अजून वेळ आहे. पण गच्चीवर जा आणि पूर्वेकडे बघा. ते काशिमीऱ्याच्या मागचे डोंगर नॅशनल पार्काचे आहेत. त्यात अलीकडच्या मोजण्यांप्रमाणे पन्नासच्या आसपास बिबटे आहेत. जगात एवढ्या मोठ्या शहराला खेटून इतके बिबटे फार कुठे नाहीत. युगांडाहून लोक हे बघायला आले तर मला नवल वाटणार नाही.

2001 साली आपण इथे राहायला आलो तेव्हा महानगरपालिकासुद्धा झालेली नव्हती, ती 2002 ची. टँकरच्या रांगा आठवतात ना? आणि 2004 साली पार्काभोवती बिबट्यांनी माणसं मारली, तीही भीती जुन्या लोकांना आठवत असेल. तेव्हा सगळे म्हणत होते, पकडा आणि लांब नेऊन सोडा. अभ्यासकांनी पुढे सांगितलं, पकडून भलतीकडे सोडल्यानेच प्राणी बिथरतात. मग 2011 पासून वन खात्याने नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ म्हणून काम सुरू केलं. सगळ्याचं सार एका ओळीत: कचरा साठला की कुत्री वाढतात, कुत्री वाढली की बिबट्या येतो. म्हणजे परत बुजगावण्याचीच गोष्ट. आपली घाण त्यांच्या जिवावर उठते आणि फिरून आपल्याही.

आणि आणखी एक. ब्विंडीचं 1991 साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथले मूळचे बट्वा लोक जंगलाबाहेर काढले गेले. गोरिला वाचले, पण त्या लोकांचं घर गेलं. आम्हाला तिथे कोणी ही गोष्ट आपणहून सांगितली नाही, विचारल्यावर कळली. आपल्याही डोंगरात वारली आणि कोकणा लोकांचे पाडे आहेत. ते वाघोबाला पुजतात, त्याच्याबरोबर राहायची त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. तिकडे फिरायला जाल तेव्हा त्यांच्या अंगणातून जाताना पाहुण्यासारखे जा.

तेव्हा मुलांनो, तुमचा ट्रेक असा. सुट्टीत पालकांबरोबर, वनखात्याच्या माहितगाराला घेऊन, परवानगी असलेल्या वाटेनेच जायचं. खाऊचं पाकीट परत घरी. आवाज हळू. बिबट्या दिसणार नाही, जवळजवळ नक्की. ठसा दिसेल कदाचित. तो जिथे आहे तिथे बरा आहे एवढं कळलं तरी पुष्कळ. आणि वस्तीत कधी दिसलाच तर गर्दी करून, मोबाइल काढून त्याला कोंडायचं नाही. 1926 वर वनखात्याला फोन.

कमिटीला माझी एकच विनंती आहे, एजीएमची वाट न बघता. मागच्या गेटबाहेर दुकानदारांचा आणि आपल्याच काही घरांचा ओला कचरा उघड्यावर पडतो. रौप्यमहोत्सवी वर्षात कमान होईल, रोषणाई होईल, होऊ दे. पण तो कोपरा बंद झाला पाहिजे. हळदीकुंकवाचा खर्च कमी करून महिला मंडळ अर्धे पैसे देईल, हे मी माझ्या मैत्रिणींना न विचारता जाहीर करते आहे. त्या आता माझ्याकडे डोळे वटारून बघत आहेत, पण देतील.

गोरिलाचे फोटो आता दाखवते. थोडे हललेले आहेत, माझे हात थरथरत होते.